दुपारी सोनं, रात्री गराडू: इंदुरातून शॉर्टवेव्ह ऐकायला लागताना

आमच्या देवघरातल्या एलईडीच्या माळेने मला दोन महिने चीन ऐकू दिला नाही.

रेडिओ नवा, सेल नवे, पुस्तिका दोनदा वाचलेली, तरी संध्याकाळी सात वाजता नुसती खरखर. सेटच खराब निघाला असं मी घरात जाहीरही करून टाकलं होतं. शेजारी एक काका राहतात, उमेदीची वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये घालवून महूहून निवृत्त झालेले. ते चहाला आले, दोन मिनिटं ती खरखर ऐकली आणि म्हणाले, "सेट परत करू नकोस पोरी. आधी घर बंद कर." घर बंद करायचं म्हणजे काय, ते सांगतेच. पण त्याआधी आकाशाचं थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर घर बंद करूनही काही हाती लागत नाही.

भाचा विचारतो, "मावशी, मोबाइलवर जगातली सगळी स्टेशनं येतात की. मग हे कशाला?" बरोबर आहे त्याचं. नुसती हिंदी गाणी किंवा बातम्या ऐकायच्या असतील तर मोबाइलच बरा, रेडिओवर पैसे घालू नका. शॉर्टवेव्हची गंमत निराळी आहे. तिकडे कुठेतरी एका मनोऱ्यावरून लहर सुटते, आकाशाला लागून वळते आणि आमच्या सुदामानगरातल्या गॅलरीत बांधलेल्या तारेवर उतरते. मध्ये केबल नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. आणि रोज येईलच असंही नाही. माझा जीव अडकला तो या शेवटच्या गोष्टीत.

आकाश म्हणजे सराफा

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. महू मागे टाकून घाट उतरायला लागलं की गाडीतलं गाणं चिरकतं ते त्यामुळे. मध्यम लहरी, म्हणजे रेडिओवरचं एमडब्ल्यू, दिवसा जमिनीला धरून पसरतात. आकाशवाणी इंदूरचा ६४८ किलोहर्ट्झ हा आकडा ज्यांना पाठ आहे त्यांना माहीत असेल, की खेड्यापाड्यात तेच स्टेशन घरोघरी लागायचं. शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, किंवा ३००० ते ३०,००० किलोहर्ट्झ. या लहरींची जमिनीवरची धाव फार लांबची नसते. वर गेलेल्या लहरी मात्र वळून खाली येतात, आणि येतात त्या हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे.

त्यांना वळवतो कोण? जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर सुरू होऊन कित्येकशे किलोमीटरपर्यंत हवेचा एक विरळ पट्टा आहे, आयनोस्फिअर. सूर्याचे अतिनील किरण तिथल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि हे सुटे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींची दिशा वाकवतात. असा थर खरोखरच आहे हे एडवर्ड ॲपलटनने १९२४ मध्ये इंग्लंडात प्रयोग करून दाखवलं. १९४७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला वातावरणाच्या या वरच्या भागावरच्या कामासाठी मिळालं.

आता या पट्ट्याचा कारभार सूर्याच्या तालावर चालतो, आणि तो कळायला इंदूरकरांना सराफ्याहून सोपी जागा नाही. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात, गराडू नावाचा तळलेला कंद, भुट्ट्याचा कीस, जिलेबी. रस्ता तोच, धंदा वेगळा. भर दुपारी तुम्ही गराडू मागायला गेलात तर दोष सराफ्याचा नाही, तुमच्या घड्याळाचा आहे.

तसंच वर आहे. सगळ्यात खालचा डी थर, ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, फक्त उजेडात असतो. तो लहरींना वळवत नाही, गिळतो. आकडा जितका लहान तितका जास्त गिळतो. म्हणून दुपारी ६००० किलोहर्ट्झच्या आसपास लावाल तर लांबचं काही येत नाही. सूर्य बुडाला की हा थर बघता बघता विरतो, सराफ आपली शटरं ओढून घरी जातो. उरतो तो बराच वरचा, दोनशे-तीनशे किलोमीटरवरचा एफ थर, आणि तो रात्रभर टिकतो. पण रात्री तोही पातळ होतो, त्यामुळे १७,००० किंवा २१,००० च्या लहरी त्याला भेदून सरळ अवकाशात निघून जातात.

एवढ्यावरून एक ठोकताळा निघतो, आणि पहिल्या महिन्यात एवढाच पुरे: सूर्य वर तर आकडा वर, सूर्य खाली तर आकडा खाली. दिवसा १३,००० च्या वर शोधा. दिवेलागणीनंतर १०,००० च्या खाली या.

जुन्या रेडिओच्या काचेवर किलोहर्ट्झऐवजी मीटर लिहिलेले असतात, त्याने नवखा माणूस गोंधळतो. ३ लाखाला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. ९५०० ने भागा, ३१.६ येतात. म्हणून ९४०० ते ९९०० या पट्ट्याचं नाव ३१ मीटर. ५९०० ते ६२०० म्हणजे ४९ मीटर, ७२०० ते ७४५० म्हणजे ४१ मीटर, ११,६०० ते १२,१०० म्हणजे २५, आणि १५,१०० पासून पुढे १९ मीटर. मीटर वाढले की किलोहर्ट्झ कमी, हे उलटं गणित आहे. मी सुरुवातीला ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं.

कंपासपेटी काढा

भूगोलाचा नकाशा आणि मुलांची कंपासपेटी घ्या. कर्कटकाचं टोक इंदूरवर ठेवा आणि साधारण १८०० किलोमीटरचं वर्तुळ काढा. दक्षिणेला ते कोलंबोच्या जवळून जातं. उत्तरेला चीनच्या पश्चिम टोकाला, काशगरच्या आसपास पोचतं. पश्चिमेला ओमानचा पूर्व किनारा त्याच्या थोडा आतच पडतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हसायलाच आलं, कारण संध्याकाळी माझ्या सेटवर जे सगळ्यात ठणठणीत लागतं ते याच तीन ठिकाणांहून येत होतं. काशगरला चीनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओची प्रक्षेपकं आहेत, आणि बीबीसी आपल्या भागासाठीचं इंग्रजी प्रसारण ओमानच्या किनाऱ्यावरून करते.

हे योगायोगाने होत नाही. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड सरपटत फेकला की तो टप्पे घेत जातो, तशी लहर आकाश आणि जमीन यांच्यामध्ये टप्पे घेते. एफ थरावरून एका टप्प्यात जास्तीत जास्त तीन-चार हजार किलोमीटर गाठता येतात. दर टप्प्याला ताकद थोडी झिजते. दीड-दोन हजार किलोमीटर हे अंतर एका टप्प्यात आरामात बसतं, म्हणून आवाज भरदार.

यातूनच एक चमत्कारिक गोष्ट कळते. दिल्ली इंदूरहून साडेसहाशे-सातशे किलोमीटर. तिथून सुटलेली वरच्या आकड्याची लहर आपल्या डोक्यावरून निघून जाते आणि कुठेतरी दूर उतरते. जमिनीवरची लहर इथवर पोचत नाही, आकाशातली इथे उतरत नाही. मध्ये जो मुका पट्टा राहतो तो आपला. रोमानिया ऐकू येतं आणि दिल्ली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो अगदी असाच.

कोलंबोचं नाव निघालं की घरातली मोठी माणसं सरसावून बसतात. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीतं हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला तो थेट रेडिओ सिलोनवर. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला आणि अमीन सायानींचा आवाज. आकाशवाणीने १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू केली ती या गळतीवरचा उपाय म्हणूनच. आमच्या सासूबाई सांगतात की रामबागेतल्या त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि बुधवारी जिन्यावर बसायला जागा नसे. परदेशातलं स्टेशन घरच्यासारखं कसं लागायचं याचं कोडं मला लहानपणापासून होतं. उत्तर त्या वर्तुळात आहे: सिलोन एका टप्प्यावर होतं.

सेट कोणता घ्यावा

माझी पहिली खरेदी चुकली. बाजारातल्या एका दुकानातून काटा असलेला, पाठीवर नऊ बँड छापलेला स्वस्त सेट उचलला. तीन बोटांच्या पट्टीत अख्खी शॉर्टवेव्ह कोंबलेली. काटा केसभर सरकला की चार स्टेशनं मागे पडत. कुठे आहोत तेच कळेना, आणि हात काढला की लागलेलं स्टेशन हळूच निसटून जाई.

तेव्हा घ्यायचाच असेल तर आकडे दाखवणारा, म्हणजे डिजिटल ट्यूनिंगचा सेट घ्या. ९४२० दाबलं की ९४२० वरच जायला हवं. टेकसन, एक्सएचडेटा या चिनी कंपन्यांचे तळहाताएवढे सेट काही हजारांत मिळतात आणि नवशिक्याला पुरून उरतात. सोनीचे जुने आयसीएफ ७६०० मालिकेतले कुणाकडे चालू स्थितीत असतील तर डोळे मिटून घ्या. तीन गोष्टी तपासा: सेलवर चालतो का, बाहेरची तार जोडायला भोक आहे का, आणि एसएसबी नावाचं बटण आहे का. या शेवटच्याचं काम पुढे पडेल.

माळ्यावरचा मर्फी किंवा बुश काढायचा मोह होईल. काढा, पुसा, पण प्लग लावण्याआधी जाणकाराला दाखवा. त्यातले कपॅसिटर इतक्या वर्षांत वाळलेले असतात, आणि काही जुन्या सेटांच्या आतल्या लोखंडी सांगाड्यातच वीज खेळते. कव्हर काढून बोट घालायचं धाडस नको.

परवाना लागतो का, हे हमखास विचारलं जातं. रेडिओ प्रसारण ऐकायला लागत नाही. पूर्वी लागायचा, पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तकावर शिक्का आणावा लागे. ते प्रकरण १९८० च्या दशकात संपलं. बोलायचं असेल, म्हणजे रेडिओवरून इतरांशी गप्पा मारणारा हौशी, हॅम, व्हायचं असेल, तर मात्र परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

तारेसाठी खर्च करू नका. मोटर वाइंडिंगवाल्याकडून सात-आठ मीटर बारीक तांब्याची तार मागा, एका टोकाचं वार्निश ब्लेडने खरवडा, मगरचिमट्याने सेटच्या दांडीला लावा आणि तार गॅलरीतून कपड्यांच्या दोरीलगत ताणा. विजेच्या तारांजवळ चुकूनही नेऊ नका. आभाळ गडगडायला लागलं की तार सोडवून बाहेर टाका, सेट आत घ्या. माळव्यात जूनमध्ये हा खेळ रोजचा आहे. आणि लांब तार म्हणजे जास्त स्टेशनं असं समजून वीस मीटर जोडू नका. लहान सेटला एवढा मारा झेपत नाही, मग जवळचं दणकट स्टेशन भलत्याच आकड्यांवर भूतासारखं उमटत राहतं.

घर बंद करणं

आता माळेकडे येऊ.

काकांनी सांगितलेली पद्धत अशी. रेडिओ सेलवर चालू करायचा, ९००० च्या आसपास जिथे स्टेशन नाही अशा रिकाम्या जागी लावायचा आणि घराचा मुख्य एमसीबी खाली ओढायचा. मी ओढला. खरखर वाढली! दोघंही क्षणभर गप्प. मग काका हसले, "तुझा इन्व्हर्टर लागला ना." तोही बंद केला. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही: कढईतलं तळण उपसून गॅस बंद करावा तसा सगळा चुरचुराट एकदम थांबला. मागे राहिला तो एक मऊ, लांबचा फुसफुसाट. "हा आकाशाचा आवाज," काका म्हणाले. "बाकीचा तुझा होता."

मग एकेक चालू करत गेलो. फ्रिज, काही नाही. पंखा, काही नाही, पण त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यांवर गुरगुरला. वायफायच्या डबीचा अडॅप्टर टिकटिकत होता. टीव्हीचा डबा बंद असूनही, नुसता लाल दिवा जळत असला तरी, आपली री ओढतच होता. आणि देवघराचं बटण दाबलं तशी मागची सगळी शांतता भरून टाकणारी घरघर उसळली.

कारण साधं आहे. असल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये घरातली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून खालच्या दाबाला आणली जाते. प्रत्येक तोडजोडीला एक झटका बसतो, आणि त्या झटक्यांचे पडसाद थेट मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. चांगल्या अडॅप्टरमध्ये ते अडवणारे भाग असतात. स्वस्तातले बनवताना आधी तेच गाळले जातात. वर घरातली वायरिंग एरियलचं काम करते आणि गोंगाट खोलीखोलीत पोचवते.

सासूबाईंपाशी विषय काढला. "देवासमोर अंधार करून तुझे ते चिनी ऐकायचे?" मी म्हटलं, "आई, अंधार नाही, फक्त दिवा बदलू." माळ उतरली आणि झिरोचा जुना बल्ब लागला. तारेचा तो बल्ब रेडिओच्या दृष्टीने मुका असतो. त्याच संध्याकाळी ३१ मीटरवर चीनचं हिंदी प्रसारण असं लागलं की जणू खालच्या चौकातून कुणी बोलतंय. दोन महिने मी आकाशाला नावं ठेवत होते.

शेजारच्या घरांचं काय? त्यांचा एमसीबी आपल्या हातात नाही. सेट गॅलरीच्या कठड्याजवळ नेला, भिंतीतल्या वायरिंगपासून हातभर दूर ठेवला की निम्मा त्रास कमी होतो. गल्लीतली लाइट गेली तर पंखा शोधू नका, रेडिओ शोधा. आणि एकदा तरी शहराबाहेर, चोरलच्या बाजूला किंवा जानापावच्या वाटेवर, संध्याकाळी तास-दीड तास बसून पाहा. तोच सेट, तीच सात मीटर तार झाडाच्या फांदीवर टाकलेली, आणि स्टेशनं दुप्पट. लोक मोठा सेट घेऊन जे मिळवायला बघतात ते इथे पेट्रोलच्या पैशांत मिळतं.

घड्याळ आणि डायरी

शॉर्टवेव्हचं सगळं वेळापत्रक यूटीसीत असतं, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. यादीत १३०० लिहिलं असेल तर आपले संध्याकाळचे साडेसहा. ००३० म्हणजे पहाटेचे सहा. फसगत मध्यरात्रीनंतर होते: सोमवारी पहाटे दोन वाजता तिकडे अजून रविवारच्या रात्रीचे साडेआठ असतात. आठवड्यातून एकदाच लागणारा एक कार्यक्रम मी यापायी लागोपाठ तीन आठवडे चुकवला. शेवटी एक वीस वर्षांपूर्वीचं मनगटी घड्याळ यूटीसीला लावून रेडिओला बांधून टाकलं.

वर्षात दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जगभरची स्टेशनं आपले आकडे बदलतात, कारण ऋतूबरोबर आकाशही बदलतं. कोण कुठे गेलं हे ईआयबीआय नावाच्या फुकट यादीत सापडतं. मोबाइल इथे कामाला येतो. पण यादी बघून स्टेशन लावायच्या आधी एकदा उलटं करून बघा. संध्याकाळी साडेसातला ९४०० वर जा आणि ५-५ किलोहर्ट्झने वर सरका. प्रसारणं बहुतेक पाचच्या पटीतच असतात. प्रत्येक ठिकाणी चार सेकंद थांबा. ९९०० येईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. अरबी, चिनी, पश्तू, कुठलं तरी सतारीसारखं वाद्य, मग नुसती शिट्टी. शिट्टी म्हणजे दोन स्टेशनं एकमेकांना खेटलेली. बटण एकेक किलोहर्ट्झ बाजूला सरकवा, तिची धार कमी होते. काही लागलं की सोडू नका, पूर्ण तासाच्या ठोक्याला स्टेशन आपलं नाव सांगतं.

आवाज खालीवर होणार, ते सेटमुळे नाही. एकच लहर दोन वाटांनी येते, कधी दोघी हातात हात घालतात, कधी एकमेकींना पुसतात. आपल्या भागात त्यात आणखी एक भर आहे. विषुववृत्तावरून उचलले गेलेले इलेक्ट्रॉन त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला येऊन साठतात, आणि उत्तरेकडचा हा ढीग साधारण आपल्याच, म्हणजे अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर असतो. सूर्यास्तानंतर तिथे खळबळ माजते, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा दक्षिणेकडचं स्टेशन पतंगाच्या शेपटीसारखं फडफडतं. मला तो आवाज आवडतो. काकांना नोकरीत त्याचा छळ झालेला, ते कान झाकतात.

सूर्याच्या तेजी-मंदीचाही अकरा-एक वर्षांचा फेरा आहे. सध्याचा पंचविसावा फेरा डिसेंबर २०१९ पासून मोजतात, आणि तो ऐन भरात आल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. अशा वर्षांत दिवसाचे वरचे बँड, १६ आणि १३ मीटर, छान उघडतात. पण सूर्यावर मोठा स्फोट झाला की उजेडाकडच्या अर्ध्या पृथ्वीवर शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तासभर ठप्प होऊ शकते. डी थर एकाएकी जाडजूड होऊन सगळं गिळतो. भर दुपारी सगळे बँड एकदम मेले तर सेट उघडू नका.

ऐकायला आहे काय

पूर्वीइतकं नाही, हे खरं सांगून टाकते. बीबीसीची मराठी सेवा दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सुरू होऊन १९५८ मध्ये थांबली होती. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं आणि मी सेट घेतला तो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आकाशवाणीचीही बरीच शॉर्टवेव्ह प्रक्षेपकं काळाच्या ओघात थंडावली.

तरी संध्याकाळी तासभर भरगच्च जाईल एवढं आहे. चीन तर सगळीकडे, हिंदीत, तमिळमध्ये, उर्दूत. बीबीसीचं इंग्रजी. रोमानियाचं इंग्रजी प्रसारण कान तयार झाल्यावर सापडतं, आणि सापडलं की उगाच आपणच मोठे झाल्यासारखं वाटतं. मराठीत फार थोडं उरलंय. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती संस्थेची मराठी प्रसारणं हे त्यातलं एक. विषय त्यांचा धर्माचा, पण परदेशी लहरींच्या गर्दीत अचानक "नमस्कार श्रोतेहो" कानावर पडलं की मान वळतेच. १०,००० वर बरोबर काटा ठेवा, चीनचं बीपीएम नावाचं वेळेचं स्टेशन सेकंदागणिक टिक टिक करत असतं. आकाश उघडं आहे की नाही याची ती माझी नाडीपरीक्षा.

आता ते एसएसबीचं बटण. ७००० ते ७२०० मध्ये सकाळी फिरलात तर माणसं बदकासारखी बोलताना ऐकू येतील. ते हॅम मंडळी. नेहमीच्या प्रसारणात आवाजाबरोबर एक स्थिर वाहक लहर पाठवतात, हे लोक वीज आणि जागा वाचवायला ती गाळून टाकतात. एसएसबी दाबलं की ती लहर तुमचा सेट स्वतः तयार करतो. मग बारीक चक्री अगदी हळू फिरवायची. बदक, मग चिपमंकासारखी चिरकी, मग हळूहळू घसा उतरतो आणि एकाएकी कुणीतरी स्वच्छ आवाजात आपल्या गावचं हवामान सांगत असतं.

जे ऐकलं ते वहीत लिहा. माझ्या वहीतली एक ओळ: तारीख, १३४० यूटीसी, ९ मेगाहर्ट्झचा अमुक आकडा, बाईचा आवाज, शेतीवर बोलणं, मग बासरी, ३४३३३. हे पाच आकडे म्हणजे सिन्पो: सिग्नलची ताकद, शेजारच्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाचं खालीवर होणं आणि एकूण. प्रत्येकाला पाचपैकी गुण, पाच म्हणजे उत्तम. असा तपशील स्टेशनला कळवला तर काही स्टेशनं अजूनही क्यूएसएल कार्ड पाठवतात, तुम्ही आम्हाला ऐकलंत याची छापील पोच. "कार्यक्रम फार आवडला" एवढंच लिहून भागत नाही, काय ऐकलं आणि कसं ऐकलं ते लागतं. माझं पहिलं कार्ड पोस्टमनने वीजबिलाच्या पाकिटात खुपसून टाकलं होतं. ते आता देवघराच्या कोनाड्यात आहे, झिरोच्या बल्बखाली. तिथे ठेवायचं सासूबाईंनीच ठरवलं.

सेटवर एसएसबी असेल तर आज रात्री जेवणं आटोपल्यावर ६६७६ लावा, वरची बाजू, म्हणजे सेटवर यूएसबी लिहिलेली, निवडा, आणि घड्याळात पंचवीस किंवा पंचावन्न मिनिटं व्हायची वाट बघा. आशियातली केंद्रं या एका आकड्यावर आळीपाळीने वैमानिकांसाठी विमानतळांची हवा वाचतात, सिंगापूरनंतर पाळी मुंबईची. वाऱ्याची दिशा, किती मीटरपर्यंत दिसतंय, ढग किती उंचावर. एकदा ऐकू आलं की त्या आवाजाखाली घरातली कुठली घरघर उरलीय तेही कळेल. मग उठा आणि बटणं बंद करत निघा, टीव्हीच्या डब्यापासून.